काबायेरोचं नाव काबायेरोच राहू द्या

2020च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या एका कादंबरी-पुरस्काराला पंचवीस वर्षं झाली, म्हणून पंचवीस जुनी पुस्तकं नव्या मुखपृष्ठांनिशी वाचकांपुढे आली. टोपणनावाआड राहिलेल्या लेखिकांना त्यांचं ‘खरं’ नाव परत द्यायचं, अशी ती मोहीम होती. त्यात ‘मिडलमार्च’वरून जॉर्ज एलियट हे नाव गेलं आणि मेरी अ‍ॅन इव्हान्स आलं. हेतूबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण घाई अशी, की एका कृष्णवर्णीय लेखिकेनं लिहिलेल्या, मार्टिन डिलेनी या कृष्णवर्णीय अमेरिकी नेत्याच्या चरित्रावर फ्रेडरिक डग्लस या दुसऱ्याच नेत्याचं चित्र छापलं गेलं. लेखिकेचं नाव दुरुस्त करताना चरित्रनायकाचा चेहराच बदलला! तेव्हापासून ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते आणि स्पॅनिश साहित्याचा विषय निघाला की पहिलं नाव पुढे येतं ते फर्नान काबायेरोचं. सेसिलिया ब्यॉल दे फाबेर या बाईनं 1849 साली ‘ला गाविओता’ ही कादंबरी या पुरुषी नावानं छापली. तर आता तिच्या पुस्तकांवरून काबायेरो खोडा आणि सेसिलिया लिहा, असा आग्रह. त्याला मिळणारं उत्तरही तितकंच कच्चं: नावात काय आहे, तिनं खुशीनं घेतलं होतं, राहू द्या.

या दोन्ही बाजू चुकीचं भांडण भांडताहेत, असं माझं म्हणणं आहे. मुखपृष्ठावर काबायेरोच असावं. मात्र ‘तिला ते आवडत होतं’ हे त्याचं कारण नव्हे. ते नाव तिच्या लेखनाचाच एक भाग आहे. कादंबरी वाचायची आणि तिच्यावरचं नाव खोडायचं, म्हणजे नाटक पाहायचं पण नटाचा रंग पुसून, असला प्रकार होतो. तिची जन्मकथा, तिचं लग्नाचं नाव, तिनं पुरुषी नाव का घेतलं हे सगळं सांगायलाच हवं, आणि ते सांगायच्या जागा पुस्तकात भरपूर असतात. मुखपृष्ठ ही त्यातली सर्वांत अपुरी जागा.

मुळात ‘खरं नाव’ म्हणजे कोणतं, इथूनच गाडी अडते. ती 1796च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या मोर्ज या गावी जन्मली. वडील योहान निकोलाउस ब्यॉल हे हॅम्बुर्गचे व्यापारी, कादिझच्या बंदरात बस्तान बसवलेले. आई फ्रान्सिस्का लार्रेआ, जिला सगळे फ्रास्किता म्हणत, ती कादिझची. ‘फाबेर’ हे शेपूट वडिलांना त्यांच्या सावत्र वडिलांकडून मिळालं, 1806 मध्ये, सरदारकीसाठी. म्हणजे मुलगी जन्मली तेव्हा घराण्याचं नाव नुसतं ब्यॉल होतं. जर्मन कागदांत ‘फॉन’, स्पॅनिश कागदांत ‘दे’. 1816 मध्ये तिचं पहिलं लग्न आंतोनियो प्लानेल्स या कॅप्टनशी झालं. त्याच्याबरोबर ती प्वेर्तो रिकोला गेली आणि वर्षभरातच विधवा झाली. 1822 मध्ये दुसरं लग्न झालं आणि ती मार्केसा दे आर्को एर्मोसो, म्हणजे उमरावाची पत्नी, झाली. तेरा वर्षांनी तोही नवरा गेला. 1837 मध्ये तिसरं, वयानं कितीतरी लहान असलेल्या आंतोनियो अर्रोम दे आयालाशी. आता सांगा, मुखपृष्ठावर यातलं कोणतं छापायचं? बापाचं, ज्यातलं अर्धं त्याचंही जन्माचं नव्हतं? मार्केसा, जी ती कादंबरी छापली तेव्हा उरली नव्हती? की त्या वर्षी ज्याची बायको होती त्या अर्रोमचं? या साऱ्या नावांत तिनं स्वतः निवडलेलं असं एकच आहे, आणि तेच खोटं म्हणून खोडायचं! एलियटच्या बाबतीतही हाच घोळ. ती मेरी अ‍ॅन होती, मग मॅरियन झाली, पुढे स्वतःला मिसेस लुइस म्हणवून घेत राहिली आणि मेली तेव्हा कायद्यानं मिसेस क्रॉस होती. मोहिमेनं तिला दिलेलं नाव तिनं स्वतः कधीचंच मागे टाकलं होतं.

पण विरुद्ध बाजूचा मुद्दा हलका नाही. तो नीट मांडू. सेसिलियाच्या घरात लिहिणाऱ्या बाईचं काय होतं ते तिनं लहानपणीच पाहिलं होतं. फ्रास्किता वाचणारी, लिहिणारी, बैठका भरवणारी बाई. इंग्रज लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक तिला प्रिय होतं आणि नवऱ्याला त्याचा तिटकारा. 1806 पासून काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. तो थोरल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीत, ती धाकट्या मुलींसह दक्षिण स्पेनमध्ये. सेसिलिया बापाकडे वाढली. बाईचं डोकं चालू लागलं की संसार मोडतो, हा धडा तिला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुढे तर दडपण कायद्यातच उतरलं. 1870च्या स्पॅनिश विवाह कायद्याच्या 52व्या कलमानं विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःचं लेखन किंवा भाषांतर प्रसिद्ध करायला मनाई केली. परवानगी नसेल तर न्यायालयात जायचं. अशा समाजात कुणी पुरुषाचं नाव घेतलं, तर त्याला ‘निवड’ म्हणायचं का? पिंजऱ्यातल्या पाखरानं कोणत्या दांडीवर बसायचं एवढंच ठरवलं, तर त्याला स्वातंत्र्य म्हणावं का? हा प्रश्न रास्त आहे, आणि ‘तिनं खुशीनं घेतलं’ म्हणणाऱ्यांपाशी याचं उत्तर नाही.

उत्तर मिळतं ते तिच्या काळातल्या इतर बायकांकडे पाहिलं की. 1840च्या दशकात स्पेनमध्ये बायका लिहीत होत्या, आणि आपल्या नावानं लिहीत होत्या. हेर्त्रुदिस गोमेस दे आवेयानेदानं गुलामगिरीवरची ‘साब’ ही कादंबरी 1841 मध्ये स्वतःच्या नावानं छापली. कारोलिना कोरोनादोच्या कविता 1843 मध्ये तिच्याच नावानं आल्या, वर हार्ट्झेनबुशसारख्या मान्यवर नाटककाराची प्रस्तावना घेऊन. हाच हार्ट्झेनबुश पुढे काबायेरोचाही प्रस्तावनाकार झाला. म्हणजे छापणारे, प्रस्तावना लिहिणारे, वाचणारे सगळे तेच होते. पुरुषी नावाशिवाय दार उघडत नव्हतं असं स्पेनच्या बाबतीत सरसकट म्हणता येत नाही. दार उघडं होतं, मात्र आत गेल्यावर बसायची जागा ठरलेली होती. बाईनं भावना लिहाव्यात, शक्यतो कवितेत. समाजाचं निरीक्षण करणं, गावगाडा, राजकारण, धर्म, बैलझुंज यांवर मत देणं हे पुरुषाचं काम. आवेयानेदाला तरी काय मिळालं? 1853 मध्ये स्पॅनिश अकादमीत जागा रिकामी झाली तेव्हा ती बाई म्हणून नाकारली गेली. दारातून आत येणं वेगळं आणि सदरेवर बसणं वेगळं.

आता काबायेरो हे नाव कसं आलं ते पाहा. ला मांचा भागात सिउदाद रेआल प्रांतात फर्नान काबायेरो नावाचं एक छोटं गाव आहे, आजही आहे. तिथं घडलेल्या एका गुन्ह्याची बातमी तिच्या वाचनात आली, आणि त्या नावाला असलेला जुना, सरदारी बाज तिला आवडला असं तिनं स्वतःच सांगितलं. फर्नान हे फर्नांदोचं मध्ययुगीन रूप, काबायेरो म्हणजे घोडेस्वार सरदार, सभ्य गृहस्थ. नुसतं पुरुषाचं नाव हवं असतं तर पेद्रो, हुआन काहीही चाललं असतं. तिला हवा होता एक विशिष्ट पुरुष: जुन्या कॅस्टिलचा, कॅथलिक, राजनिष्ठ, घोड्यावरून गावोगाव हिंडणारा आणि लोकांच्या म्हणी, गाणी, चालीरीती टिपून घेणारा. कादंबरी शोधून काढायची नसते, पाहायची असते, हे तिचं प्रसिद्ध मत. ‘ला गाविओता’च्या प्रस्तावनेत ती म्हणते की कादंबऱ्या रचणं हा आपला हेतू नाही, स्पेनची खरी, अचूक ओळख करून द्यायची आहे. हे बोलणारा आवाज त्या नावाचा आहे. पॅरिसमध्ये जॉर्ज सँड ही कादंबरीकार बाई पुरुषाचं नाव घेऊन विवाहसंस्थेला सुरुंग लावत होती. तिच्याच वाटेनं नाव घेऊन ही बाई सँडच्या नेमक्या उलट बाजूला जाऊन उभी राहिली. एकच शस्त्र, दोन विरुद्ध सैन्यांत. नाव खोडलं की यातलं काय दिसणार?

आणि धाक कुणाचा होता म्हणायचं? बाप 1836 मध्ये गेला, आई 1838 मध्ये. ‘ला गाविओता’ ‘एल एराल्दो’ या माद्रिदच्या वर्तमानपत्रात 1849च्या उन्हाळ्यात क्रमशः आली तेव्हा सेसिलिया 52 वर्षांची होती. त्याआधी निदान वीस वर्षं ती लिहीत होती. अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात होता तेव्हा, 1828-29च्या सुमारास, त्यानं तिच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि तिला लिहायला उत्तेजन दिलं होतं. 1835 मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईवरची तिची एक कथा ‘एल आर्तिस्ता’ या नियतकालिकात आलीसुद्धा, खाली फक्त ‘से. बे.’ अशी सेसिलिया ब्यॉलची आद्याक्षरं. ती छापायला दिली आईनं, लेकीला न विचारता. तर हा आहे खरा पेच. ज्या घरात बापाला बाईचं लिहिणं नको होतं, तिथं आईनं लेकीचं लेखन परस्पर छापून टाकलं. एकानं दाबलं, दुसरीनं ओढून बाहेर काढलं, आणि विचारलं कुणीच नाही. चौदा वर्षांनंतर तिसऱ्या नवऱ्याचे व्यवहार बुडत होते, पैशांची गरज होती, आणि आता छापायचं तर कोणत्या नावानं हे पहिल्यांदा तिनं एकटीनं ठरवलं. आज दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आपण तिचं भलं करायचं म्हणून पुन्हा परस्पर नाव बदलायचं, तर आपण फ्रास्कितापेक्षा वेगळं काय करतो?

कादंबरीकडे वळू, कारण माझ्या मते वादाचा निकाल तिथं लागतो, आणि नेमकं तिथंच कुणी जात नाही. ‘गाविओता’ म्हणजे समुद्रावरचा कुरव पक्षी. व्हियामार या किनाऱ्यावरच्या खेड्यात पेद्रो सांतालो नावाच्या कोळ्याची मुलगी मारिसालादा राहते. लांब पायांची, खडकांवर हुंदडणारी, तारस्वरात ओरडणारी, म्हणून गावातलं एक उर्मट पोर तिला गाविओता म्हणू लागतं आणि ते नाव चिकटतं. वाट चुकून गावात आलेला जर्मन डॉक्टर स्टाइन तिला बरी करतो, तिचा आवाज ऐकतो, तिला गाणं शिकवतो, तिच्याशी लग्न करतो. पुढे एक ड्यूक तिला सेव्हिलला आणि माद्रिदला नेतो, ती रंगमंच गाजवते, पेपे वेरा नावाच्या बैलझुंजाऱ्याच्या नादी लागते. बैल त्याला तिच्या डोळ्यांदेखत मारतो. तिचा आवाज आजारपणात जातो. स्टाइन हवानाला जाऊन पीतज्वरानं मरतो. ती गावी परतते आणि गावच्या न्हाव्याशी संसार थाटून चिडचिड करत जगते. म्हणजे काय, तर घराबाहेर पडलेल्या, स्वतःच्या कलेवर मोठ्या झालेल्या बाईला लेखकानं शिक्षा दिली आहे. ती शिक्षा देणारा निवेदक पक्का गृहस्थ आहे. आणि त्याच कादंबरीतून स्वतःची कला घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडणारी बाई 52 वर्षांची सेसिलिया आहे. हा ताण मला या पुस्तकातली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते, एखाद्या चांगल्या प्रसंगापेक्षाही जास्त. तो दिसायला दोन्ही नावं लागतात: वर काबायेरो आणि आत सेसिलिया. वर सेसिलिया लिहिलंत की वाचक एका बंडखोर बाईची कादंबरी समजून उघडणार, आणि शंभरएक पानांनी फसल्यासारखं वाटून मिटणार. 1852च्या ‘क्लेमेन्सिया’चंही तेच. तिच्यात पहिल्या लग्नातल्या छळाच्या खुणा वाचकांना सापडतात, पण नायिका शेवटी बुद्धिवादी इंग्रज सर जॉर्जला नाकारून शेतात राबणाऱ्या, श्रद्धाळू पाब्लोला पसंत करते. हिला आपल्या पंक्तीत बसवायची घाई झालेल्यांनी निदान जेवणात काय आहे ते पाहून घ्यावं.

मुखपृष्ठाचा न्याय करायचाच, तर तिथं आणखी एक नाव लागेल, आणि ते मोहीमवाले कधी घेत नाहीत. ‘ला गाविओता’ तिनं मुळात फ्रेंचमध्ये लिहिली. तिचं शिक्षण हॅम्बुर्गला फ्रेंच शाळेत झालेलं. वर्तमानपत्रात आलेला स्पॅनिश मजकूर होसे होआकिन दे मोरानं केलेलं भाषांतर होतं. हा मोरा म्हणजे तोच, ज्यानं 1814 पासून पुढे कादिझच्या वर्तमानपत्रांतून तिच्या वडिलांशी काल्देरोन या सतराव्या शतकातल्या नाटककाराच्या नाटकांवरून वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण केलं. ब्यॉल म्हणत होता की काल्देरोन हा खरा स्पॅनिश, खरा कॅथलिक कवी. मोरा त्याची टर उडवत होता. पस्तीस वर्षांनी त्या ब्यॉलच्या लेकीची, त्याच मतांनी भारलेली कादंबरी त्याच मोराच्या हातून स्पॅनिशमध्ये उतरली. ‘खरा लेखक समोर आणा’ ही मागणी एकदा दारात घेतली की ती कुठं थांबवायची? टोपणनावाचा पडदा सारला की मागे एकच माणूस सापडेल, अशी खात्री कुणी दिली आहे?

इथं मारिया लेहार्रागाचं उदाहरण पुढे केलं जातं, आणि ते सर्वांत वजनदार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रेगोरियो मार्तिनेस सिएर्रा या स्पॅनिश नाटककाराच्या नावावर गाजलेली नाटकं मोठ्या प्रमाणात त्याच्या बायकोनं, म्हणजे या मारियानं, लिहिली होती. त्यानं स्वतः 1930 मध्ये तिच्या सहलेखनाची कबुली देणारा कागद करून दिला होता. आज तिचं नाव त्या पुस्तकांवर येतं आहे, आणि यायलाच हवं. पण हे प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. ग्रेगोरियो हा हाडामासाचा माणूस होता. टाळ्या त्यानं घेतल्या, नाव त्याचं झालं, आणि तो तिला सोडून दुसरीकडे संसार करत असतानाही ती त्याच्यासाठी लिहीत राहिली. एखाद्याच्या शेतातलं पीक दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढलं असेल तर नोंद दुरुस्त करावी लागते. फर्नान काबायेरो नावाचा मात्र कुणी मालक नाही, ज्याच्याकडून काही परत घ्यायचं आहे. त्या नावानं जे कमावलं ते सेसिलियानंच. व्हिएन्नात फर्डिनांड वोल्फ या अभ्यासकानं 1859 मध्ये काबायेरोच्या पुस्तकांतल्या लोकगीतांवर लिहिलं, समीक्षक एउखेनियो दे ओचोआनं पहिल्याच वर्षी हा स्पेनचा वॉल्टर स्कॉट होईल म्हटलं, स्पेनच्या इसाबेल राणीनं सेव्हिलच्या अल्काझार राजवाड्यात राहायला घर दिलं, ते याच नावाच्या पुण्याईवर. चोरी झालेली चीज आणि स्वतः घडवलेली चीज यांत फरक करता येत नसेल, तर न्यायाच्या गोष्टी कशाला?

याच वादाची उलटी बाजू 2021 मध्ये स्पेननंच पाहिली. कार्मेन मोला या नावानं येणाऱ्या रक्तरंजित रहस्यकथा गाजत होत्या. त्या वर्षीचं कादंबरीसाठीचं दहा लाख युरोंचं प्लानेता पारितोषिक जाहीर झालं तेव्हा मंचावर तीन पुरुष आले. केवढा गदारोळ झाला! माद्रिदच्या एका स्त्रीवादी पुस्तकदुकानानं ती पुस्तकं फडताळावरून उतरवली. राग समजण्यासारखा होता, कारण त्या तिघांनी नावाबरोबर एका बाईचं चरित्रही रचून मुलाखतींत खपवलं होतं. पण त्या रागातून जो नियम निघाला तो मला मान्य नाही: मुखपृष्ठावरचं नाव लिहिणाऱ्याच्या देहाशी जुळलंच पाहिजे. सेसिलियाला ‘मुक्त’ करणारेही नकळत याच नियमाला सलाम करतात. आणि हा नियम एकदा लागू झाला की त्याचा पहिला फटका कुणाला बसेल? ज्यांना आजही आडोशाची गरज आहे त्यांनाच.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला लागू नये. कुसुमाग्रजांच्या संग्रहावर शिरवाडकर छापा, असं कुणी म्हणत नाही, आणि ते नाव तर धाकट्या बहिणीवरून घेतलेलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 मध्ये आलं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण यावर महाराष्ट्र पेटला होता. पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून सगळ्यांना ठाऊक झाल्या, तरी मुखपृष्ठावर विभावरी शिरूरकरच राहिल्या आणि त्यात कुणाला अन्याय दिसत नाही. मालतीबाईंनी बाईचंच नाव घेतलं, पुरुषाचं नाही, हा फरक मोठा आहे. कारण त्या पुस्तकाला बाईच्या तोंडूनच बोलायचं होतं आणि काबायेरोला नेमकं तेच टाळायचं होतं. टोपणनाव पुस्तकाच्या पोटातून येतं ते असं.

राहिला वर्गात शिकवण्याचा मुद्दा, आणि तो मला खरोखर पटतो. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश कादंबरीकारांची यादी विद्यार्थ्यापुढे ठेवली तर फर्नान काबायेरो हे नाव पुरुषाचं म्हणून नजरेखालून निघून जातं, आणि ‘त्या काळी बायका लिहीतच नव्हत्या’ हा समज आणखी घट्ट होतो. याचा उपाय आहे, आणि तो मुखपृष्ठापेक्षा कितीतरी कंटाळवाणा आहे. ग्रंथालयांच्या इंग्रजी तालिकीकरणाचा जुना, सर्वत्र चालणारा नियम असा, की लेखकाचं सारं लेखन एकाच टोपणनावानं आलं असेल तर मुख्य नोंद टोपणनावाचीच करायची. म्हणून प्राधिकृत नोंदीत, म्हणजे लेखकाच्या नावाचं मान्य रूप ठरवणाऱ्या संगणकावरच्या नोंदीत, 100 क्रमांकाच्या रकान्यात ‘काबायेरो, फर्नान, 1796–1877’ येतं, आणि 400च्या रकान्यांत पर्यायी नावं, जिथून शोधणाऱ्याला ‘पाहा’ म्हणून मुख्य नोंदीकडे पाठवलं जातं. लिंगाची नोंद करायला 375 हा रकाना आहे. लहान ग्रंथालयांत बिघडतं ते इथं. मुख्य नोंद उतरवून घेतली जाते, 400चे रकाने रिकामे राहतात किंवा एकच भरला जातो. मग ‘ब्यॉल’ रोमन लिपीत दोन टिंबांसह (Böhl) शोधणाऱ्याला पुस्तक मिळतं, टिंबांशिवाय किंवा ‘ओई’ (oe) लिहून शोधणाऱ्याला मिळत नाही, ‘फाबेर’खाली पाहणाऱ्याला तर नाहीच. ‘फॉन’, ‘दे’, आईचं लार्रेआ, नवऱ्याचं अर्रोम, मार्केसा, ही सगळी रूपं धरली तर सात-आठ ‘पाहा’ नोंदी सहज होतात. आता मुखपृष्ठ बदलून काय होईल ते बघा. एकाच कादंबरीच्या काही आवृत्त्या ‘का’खाली, काही ‘ब्यॉ’खाली, आणि काही ‘फा’खाली. जिला दिसती करायची होती ती तीन कपाटांत विखुरली.

पुस्तकातही जागा ठरलेल्या आहेत. मुखपृष्ठावर आणि कण्यावर काबायेरो. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, जिथं आवृत्ती आणि हक्कांचा मजकूर असतो, तिथं पहिल्याच ओळीत पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. मलपृष्ठावरच्या परिचयाचं पहिलं वाक्य ती बाई होती हे सांगणारं असावं, तिसऱ्या परिच्छेदात दडवलेलं नव्हे. अभ्यासक्रमाच्या यादीत नावापुढे कंस, त्यात सेसिलिया. भाषांतर असेल तर भाषांतरकाराच्या टिपणात मोराचा उल्लेख. आणि मराठीत कुणी ‘ला गाविओता’ आणली, तर त्याला आणखी एक गाठ सोडवावी लागेल. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला लिंग नसतं. प्रस्तावनेत लेखक स्वतःबद्दल बोलतो तेव्हा ‘म्हणतो’ की ‘म्हणते’, हा प्रश्नच तिथं येत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला येतो. आदरार्थी ‘काबायेरो लिहितात’ करून वेळ मारून नेता येते, ‘काबायेरोंनी लिहिलं’ही चालतं, पण ‘म्हणाले’ की ‘म्हणाल्या’ यापाशी सुटका नाही. माझं मत: निवेदक म्हणून ‘म्हणतो’, टिपणात ‘म्हणते’. आमची भाषा या बाबतीत चोंबडी आहे, तिला लपवाछपवी जमत नाही. तेव्हा दोन्ही रूपं उघडपणे वापरावीत.

टोपणनाव लोकांना फसवतं, हाही आरोप असतो. काबायेरोनं किती काळ फसवलं? काही वर्षंच. 1850च्या दशकात तिची पुस्तकं संग्रहरूपानं निघू लागली, रिवासच्या ड्यूकपासून हार्ट्झेनबुशपर्यंत बड्या लोकांनी प्रस्तावना लिहिल्या, आणि नावाआड कोण आहे ते जाणकारांत उघड गुपित झालं. 1859 मध्ये अर्रोमनं लंडनमध्ये आत्महत्या केली. 1868च्या क्रांतीत राणी गेली आणि तिच्याबरोबर अल्काझारमधलं घरही गेलं. लपायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि पुरुष म्हणवून घेण्यात फायदाही. तरी 1877 मध्ये सेव्हिलला मरेपर्यंत तिनं तेच नाव चालवलं. ज्या गल्लीत ती मेली, तिलाही आज फर्नान काबायेरोचंच नाव आहे.

तिच्या हयातीत हा प्रश्न एका बाईनं सोडवलाही होता. रोसालिया दे कास्त्रोनं 1863 मध्ये गालिसियन भाषेतल्या आपल्या कवितांचा संग्रह ‘कान्तारेस गालेगोस’ तिला अर्पण केला. रोसालिया स्वतःच्या नावानं लिहिणारी, मतांनीही काबायेरोच्या जवळची नव्हे. अर्पणपत्रिकेच्या माथ्यावर तिनं नाव छापलं फर्नान काबायेरो. त्याखालचा पहिलाच शब्द ‘सेन्योरा’, म्हणजे बाईसाहेब. आणि पुढचं वाक्य असं: तुम्ही स्त्री आहात, आणि ज्यांच्याबद्दल मला मनापासून आत्मीयता वाटते अशा कादंबऱ्यांच्या लेखिका आहात, म्हणून हे लहानसं पुस्तक तुम्हाला.